छप्पर येईपर्यंत

मला कुणी छप्पर म्हटलं तर मी तक्रार करणार नाही. पण खरं विचाराल तर मी एक साधी ताडपत्री आहे. खाकी रंगाची, जाड कापडाची, कडेला पितळी कड्या असलेली, दोन ठिकाणी ठिगळं लावलेली. छप्पर घालतात आणि ताडपत्री टाकतात, एवढा आमच्यातला फरक मला ठाऊक आहे. तरीही काही महिने मी एका रंगमंचाचं छप्पर होते. त्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे. वरून पाहणाऱ्याला सगळं दिसतं असं लोक समजतात, पण वरून डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

माझा जन्म गिरणीतला. सूत विणून झाल्यावर मला मेण आणि तेल पाजलं. तो वास अजून माझ्या घड्यांमध्ये आहे. माझा पहिला मालक ट्रक चालवायचा. माल भरला की मला वर ओढून दोरीची गाठ मारताना म्हणायचा, "धर गं नीट, घाट आहे." बायकोशी तो इतकं प्रेमानं बोलत नसे, अशी त्याच्या क्लीनरची तक्रार होती. उन्हाळ्यात त्याची पोरं अंगणात मला अंथरून झोपायची आणि कड कुणाला मिळणार यावरून भांडायची. पुढे त्याची नजर कमी झाली, ट्रक गेला, आणि मी दाराआड गुंडाळी होऊन पडले. येणारा-जाणारा चपला घालताना माझ्यावर बसायचा. तेही वाईट नव्हतं. माणसाचा भार अंगावर असला की आपण अजून उपयोगी आहोत असं वाटत राहतं.

एके दिवशी एका मुकादमानं मला विकत घेतलं. बांधकामं करणारा, पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा माणूस. त्याच्याबरोबर मी सिमेंटच्या गोण्यांवर झोपले, ओल्या भिंतींवर लटकले. आणि मग ते नाट्यगृह आलं.

गावातलं जुनं नाट्यगृह धोक्याचं ठरवून पाडलं होतं. त्याच जागेवर नवं उभं राहत होतं. आता घर बांधणारा माणूस आधी डोक्यावर काही येतंय का ते बघतो आणि मग फरशीचा विचार करतो. पण ही पडली नाटकवाली माणसं. भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांना दम निघेना. इंजिनियर आजारी पडून रजेवर गेला, त्या अवधीत त्यांनी सुताराला बोलावून रंगमंच घालून घेतला. मुकादम नंतर सांगायचा, इंजिनियर परतला आणि बघतो तो काय, चार भिंतींच्या मध्ये, उघड्या आभाळाखाली, पॉलिश केलेल्या लाकडी फळ्या लखलखताहेत. त्यानं वाकून एका फळीवरून हात फिरवला. मग त्यानं हळूच विचारलं की, पाऊस आला म्हणजे?

नाट्यगृहाच्या समितीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "पावसाचं आमच्या लक्षातच आलं नाही."

मुकादम पोट धरून हसला आणि गोदामातून मला घेऊन आला. लोखंडी नळ्या रोवून, दोर ताणून त्यानं मला रंगमंचावर पसरलं. अशी मी छप्पर झाले.

ते वयस्कर गृहस्थ म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं आणि संध्याकाळी नाटकं केली. लाखो वर्षांपूर्वी कुठला खडक कसा झाला ते त्यांना तोंडपाठ, पण चष्मा कुठे ठेवला ते विचारू नका, अशी थट्टा मंडळी करायची. समितीचे अध्यक्ष तेच. जुनं नाट्यगृह पाडलं तेव्हापासून हे नवं व्हावं म्हणून त्यांनी इतके उंबरे झिजवले होते, की बांधकाम सुरू झाल्यावर ते रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि थेट इथे येऊन पोहोचत. मान वर करून एकच प्रश्न विचारत, "कुठवर आलं?" छपरावरच्या लोकांनी त्यांचं नावच 'कुठवर आजोबा' ठेवलं होतं. त्यांना ते कळलं होतं. आवडलंही असावं, कारण एकदा ते स्वतःच म्हणाले, की कुठवर आजोबा आले म्हणून सांगा.

छपराचं काम मागून पुढे येत होतं. आधी प्रेक्षागृहाच्या दाराकडून लोखंडी कैच्या चढल्या, म्हणजे छपराचा सांगाडा. मग त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, मग पत्रे, पत्र्याखाली आवाज शोषून घेणारा जाड थर. रंगमंचावरचा भाग सगळ्यात शेवटी. म्हणजे छप्पर जसजसं पुढे सरके तसतसा माझा शेवट जवळ येई. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नाही.

नाट्यगृहाच्या उद्घाटनाला नवं नाटक करायचं ठरलं. बसवणार होती प्राध्यापकांची मुलगी. तिला सगळे ताई म्हणत. वडिलांसकट सगळ्यांना ती धाकात ठेवी. तालमीला भाड्याची खोली बघण्यापेक्षा इथेच करू, रंगमंच आहेच की, असं तिनं ठरवलं. इंजिनियरनं हरकत घेतली. वरून काही पडलं तर जबाबदार कोण? शेवटी काम चालू असलेल्या भागाखाली जाळी बांधली आणि सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं आली. हेल्मेट घालून प्रेमाचा प्रवेश करणारी जोडी मी पाहिली आहे. आयुष्यात आणखी काय बघायचं राहिलं?

उजेड यावा म्हणून तालमीच्या वेळी माझी पुढची कड गुंडाळून ठेवत. त्यामुळे छपरावर बसलेल्यांना रंगमंच दिसे. ऑफिसं सुटल्यावर मंडळी येत, आणि ऊन असेपर्यंत वरचं कामही चालू असे. वर ठाकठोक, खाली संवाद. ताई सुरुवातीला वैतागे. मग नटांनी स्वतःच वाट काढली. हातोडा पडायला लागला की थांबायचं, थांबला की पुढचं वाक्य. हळूहळू ते अंगवळणी पडलं. वरचे लोकही नाटकात गुंतले. एक वेल्डर तर रडक्या प्रवेशात काम बंद करून डोळ्यांवरची काच वर सरकवून बसे. छपराला उशीर का होतोय हे इंजिनियरला कधी कळलं नाही.

नाटकात बापाचं काम प्राध्यापक करणार होते. ताईनं ते नाटक निवडलंच मुळी त्यांच्यासाठी. दुसऱ्या अंकात त्या बापाचं एक मोठं स्वगत होतं. म्हातारा मुलांना सांगतो, की या घरात आपण पहिल्यांदा आलो तो दिवस कसा होता. "तुमची आई दारात उभी होती. मी कुलूप उघडत होतो. तिच्या हातात..." असं ते जायचं.

पहिल्या काही दिवसांत मला काहीच वेगळं वाटलं नाही. ते बोलत, हातोडा पडे, ते थांबत, पुन्हा बोलत. मग एकदा माझ्या लक्षात आलं की आधी ते थांबतात आणि मग हातोडा पडतो.

माझी समजूत चुकीची असेल असं वाटून मी पुन्हा पाहिलं. कुलूप उघडण्याच्या वाक्यानंतर प्राध्यापक थांबले. त्यांच्या हाताची बोटं धोतराच्या कडेशी काहीतरी शोधायला लागली. तेवढ्यात वरून ठण् ठण् असा आवाज आला. सगळ्या नटांनी सवयीनं वर पाहिलं. आवाज थांबला तोवर प्राध्यापकांना वाक्य सापडलं होतं. कुणाला काही कळलं नाही. वर मुकादम एका आडव्या पट्टीवर पाय सोडून बसला होता. तिथे ठोकण्यासारखं काहीही नव्हतं.

असं रोज व्हायला लागलं. कधी एकदा, कधी अनेकदा. आणि एक दिवस चहाच्या वेळी प्राध्यापक दोन कप घेऊन वर चढायच्या परांचीपाशी आले. मुकादम खाली उतरला. माझ्या सावलीत दोघं उभे राहिले.

"तू मुद्दाम मारतोस का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मुद्दाम कशाला, आजोबा? बोल्ट बसत नव्हता."

"तिथे बोल्ट नव्हता."

मुकादमानं चहाचा घोट घेतला. मग त्यानं सांगितलं, की त्याचा बाप घरात चालता चालता दारात थांबतो. कुठे निघालो होतो ते त्याला आठवत नाही. मग मुकादम आतून त्याला उगीचच हाक मारतो. "म्हणजे त्याला वाटतं, आपण हाक ऐकून थांबलो. माणूस विसरून थांबला की घाबरतो, हाकेनं थांबला की घाबरत नाही."

प्राध्यापकांची मान कपावर झुकली. ते घाबरतात हे दुसऱ्या कुणाला कळलंय, हे त्यांना नवीन असावं. मी वरून पाहत होते; मला त्यांच्या हेल्मेटचा पिवळा गोल फक्त दिसत होता.

"छप्पर व्हायला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आता झपाट्यानं होईल. कैच्या सगळ्या चढल्या."

"सावकाश करा."

मुकादम हसायला लागला. म्हणाला, एवढी बांधकामं केली, पण सावकाश करा म्हणणारा मालक पहिल्यांदा भेटला. प्राध्यापकही हसले. पण ते थट्टेनं म्हणाले नव्हते, हे पुढच्याच आठवड्यात दिसलं. पत्र्यांचा रंग जरा डोळ्यांत जातोय, परत मागवता येईल का, असं त्यांनी समितीत काढलं. आवाज शोषणाऱ्या थराची एकदा तपासणी करून घ्यावी म्हणाले. मग पावसाचं पाणी जायच्या पन्हाळीचा उतार त्यांना कमी वाटला. ज्या माणसानं पावसाचाच विचार केला नव्हता, त्याला आता उतार दिसत होता. इंजिनियरनं मोजपट्टी लावून दाखवली. ताई चिडली. "बाबा, तुम्हाला छप्पर हवंय की नकोय ते एकदा ठरवा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. प्राध्यापक चष्मा पुसत राहिले.

ज्या छपरासाठी ते इतक्या पायऱ्या चढले, तेच छप्पर आता येऊ नये असं त्यांना वाटत होतं. कारण छप्पर झालं की ठाकठोक संपणार, आणि त्यानंतर रंगमंचावर ते थांबले की सगळ्यांना कळणार होतं की ते का थांबले. ते दर संध्याकाळी येऊन वर बघत. आता ते "कुठवर आलं" विचारत नसत. त्यांना दिसतच होतं.

ते दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं. खाली नाटक, वर छप्पर, आणि मधे मी. दोन्हीकडचं काम माझ्या अंगावरून जायचं. वरून लोखंडाचा कीस पडायचा, खालून आवाज यायचे. संध्याकाळचं ऊन माझ्या जीर्ण जागांतून गाळून फळ्यांवर पडायचं आणि त्यात उभे राहायला नट आपापसांत भांडायचे, कारण त्या उजेडात सगळेच देखणे दिसत. पुढे तिथे खरे दिवे आले. त्यांच्यात कुणी तसं दिसलं का, मला माहीत नाही.

शेवटचा पत्रा चढला. त्यानंतर मला उतरवलं, झटकलं, घडी घातली आणि विंगेत कडेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बंद नाट्यगृहात पहिली तालीम झाली. हेल्मेटं नव्हती, त्यामुळे सगळे एकमेकांचे केस बघत होते. आणि शांतता अशी की कुणी गिळलं तरी ऐकू यावं. छपराचं काम फार चांगलं झालं होतं.

दुसरा अंक आला. मुकादम परांच्या सोडवायला आला होता, तो मागच्या दाराशी हातात पाना घेऊन उभा होता. प्राध्यापक बोलायला लागले. मी विंगेत होते, म्हणून मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसत होता. तो फार छान चेहरा होता. "मी कुलूप उघडत होतो," ते म्हणाले आणि थांबले.

सवयीनं सगळ्यांनी वर पाहिलं. वर काहीच वाजलं नाही.

मुकादमाचा पाना धरलेला हात वर गेला. शेजारी लोखंडी नळी होती. प्राध्यापकांनी ते पाहिलं, आणि तळहात उघडून त्याला थांबवलं. मग मुलीकडे वळून म्हणाले, "मला पुढचं आठवत नाही."

"सांगू का?"

"सांग. पण उद्याही सांगावं लागेल. परवाही."

ताई आपल्या खुर्चीतून उठून रंगमंचावर आली आणि त्यांच्याजवळ खालीच बसली. बाकीचे नट एकदम कामात गुंतले. कुणी बुटाची नाडी बांधायला लागलं, कुणी पाणी प्यायला निघालं. ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं बाबा. मला वाटलं, छप्पर बंद होईपर्यंत तुम्हाला पाठ येईल."

"मलाही तसंच वाटलं होतं," प्राध्यापक म्हणाले. मग, "माझं काम लंबूला दे."

लंबू म्हणजे बँकेच्या काउंटरवर बसणारा उंच, शांत नट. नाटकात डॉक्टरचं काम करायचा, आणि एकदा प्राध्यापकांना ताप आला तेव्हा त्यानं त्यांचं काम वाचलं होतं. रोज विंगेतून त्यांना बघत असे. त्यानं बराच वेळ नाही म्हटलं. प्राध्यापकांनी त्याला घरी बोलावून ऐकवलं की बाप व्हायला पाठांतर लागतं, वय लागत नाही. ताईनं डॉक्टरचं काम आपल्या मावसभावाच्या गळ्यात मारलं.

काही दिवसांनी सबंध नाटकाची तालीम झाली. प्राध्यापक तिसऱ्या रांगेत बसले. नवीन खुर्चीचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, ते हलले की चुरचुर वाजे.

दुसऱ्या अंकात लंबू उभा राहिला. "तुमची आई दारात उभी होती," तो म्हणाला. "मी कुलूप उघडत होतो." आणि थांबला. बोटं धोतराच्या कडेशी काहीतरी शोधायला लागली. मग पुढचं वाक्य. मग पुन्हा थांबला, हुबेहूब प्राध्यापक थांबत त्याच जागी, तितकाच वेळ. प्राध्यापकांची सगळी थांबणी त्यानं जशीच्या तशी उचलली होती. त्याला वाटलं होतं, तो अभिनय आहे.

खरं सांगते, ते फार सुंदर दिसत होतं. म्हातारा एकेक आठवण अंधारातून काढून आणतोय असं वाटत होतं. ते थांबणं मुळात कशाचं होतं, हे बाकी सगळ्यांना कळलं होतं. खुर्चीचं प्लास्टिक वाजत नव्हतं.

अंक संपल्यावर ताई वडिलांच्या शेजारी येऊन बसली. तिला ते कसं विचारावं कळत नव्हतं. लंबूनं थांबायच्या ज्या जागा घेतल्यात, त्या राहू द्यायच्या की काढायच्या, तुम्ही म्हणाल तसं, एवढंच तिनं विचारलं.

प्राध्यापकांनी रंगमंचाकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील सगळ्या काढ. कुणालाही आपली भीती दुसऱ्याच्या अंगावर चढवलेली बघवणार नाही. मग वाटलं, म्हणतील सगळ्या राहू दे, निदान तेवढं तरी माझं राहील. माझे दोन्ही अंदाज चुकले.

"कुलपाची काढ," ते म्हणाले. "त्यानंतरच्याही काढ. ते सगळं विसरणं होतं. पण 'तिच्या हातात' म्हटल्यावर तो थांबतो ना, आणि मग म्हणतो, 'काहीच नव्हतं', ती जागा राहू दे. तिथे मी विसरलो नव्हतो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तिथेही हातोडा पडायचा," ती म्हणाली.

"पडायचा. मुकादमाला वाटायचं मी अडकलो. त्याला काय सांगणार? पण ती जागा माझी होती."

मीही त्या जागी रोज मनात म्हणायचे, अडकले बिचारे. इतके दिवस त्यांच्या डोक्यावर होते, आणि माणूस विसरून थांबलाय की आठवून थांबलाय, हे मला ओळखता आलं नाही.

आज उद्घाटन. मी मुकादमाच्या टेम्पोत आहे, नाट्यगृहाच्या बाहेर, लाकडी फळ्या आणि दोरांच्या वेटोळ्यांवर. उद्या नव्या कामावर जायचं आहे, कुठलीशी शाळा आहे म्हणतात. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून बापाचा हात धरून आत गेला. प्राध्यापकांनी दाराशी उभं राहून म्हाताऱ्याला स्वतः खुर्चीपर्यंत नेलं. दारं बंद झाली. तेव्हापासून आतून एक अक्षर ऐकू आलेलं नाही. माझ्याखाली असताना रस्त्यावरच्या कुत्र्यालाही नाटक ऐकू जायचं. हे खरं छप्पर आहे.

पण मला सगळं पाठ आहे. पहिला अंक संपून लोक पाय मोकळे करून परत गेले, ते मी पाहिलं. म्हणजे आता लंबू उभा राहिला असेल. आता त्यानं आईचं नाव काढलं असेल. कुलपाचं वाक्य त्यानं न थांबता म्हटलं असेल.

तुम्ही आत बसला असाल, आणि तो "तिच्या हातात" म्हणून गप्प झाला, तर घाई करू नका. शेजाऱ्याला कोपर मारू नका, तो विसरला असं कुजबुजू नका, आणि हात जोडून सांगते, तेवढ्यात खोकू नका. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ बसले आहेत. ती जागा त्यांची आहे.